विश्लेषण : हॉटेलचा डक्ट साफ झाला, हे ठरवणार कोण?

तळमजल्यावर हॉटेल, वर सदनिका. पनवेल महापालिकेच्या हद्दीतील ओवे आणि लगतच्या खारघरमध्ये हे दृश्य नेहमीचे. भटारखान्यातील धूर गच्चीपर्यंत नेणारा पत्र्याचा डक्ट अनेकदा रहिवाशांच्या खिडक्यांजवळूनच वर जातो. तो आतून साफ असल्याचा कागद सफाई करणारा ठेकेदारच देतो. पण त्या कागदामागचा निकष कोणाचा?

डक्ट पेट कसा घेतो?

तळणी, तंदूर, चायनीजची कढई यांवरून उठणाऱ्या वाफेत तेलाचे सूक्ष्म कण असतात. काही फिल्टरमध्ये अडकतात, उरलेले डक्टच्या थंड पत्र्यावर चिकटतात. थरावर थर चढतो. कढईतील भडका फिल्टर ओलांडून आत गेला की हा थरच इंधन बनतो आणि पंखा ज्वाळा वर खेचतो. भिंतीवरचा सिलिंडर तिथवर पोहोचत नाही.

खरी गोम सफाईत आहे. हूड आणि फिल्टर मालकाला दिसतात, म्हणून ते चकचकीत होतात. डक्टची वळणे, आडवा भाग, पंख्याची पाती दिसत नाहीत. डक्टला ठरावीक अंतरावर उघडता येणारी दारे नसतील तर आत ब्रशही जात नाही. हे काम बहुधा हॉटेल बंद झाल्यावर, रात्री, कॉस्टिक सोडा वापरून होते. करणाऱ्याला हातमोजे आणि गॉगल मिळतीलच असे नाही.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार जबाबदारी मालक वा भोगवटादाराची. परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी व जुलैमध्ये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, द्यावे लागते. पण त्याचा रोख अग्निशमन यंत्रणेवर. डक्टमधील तेलाचा थर त्यात मोजला जात नाही. ‘एफएसएसएआय’ची नजर अन्नाच्या स्वच्छतेवर. डक्ट मधल्या मधे राहतो.

परदेशात काय चालते?

अमेरिकेतील ‘एनएफपीए ९६’ या मानकानुसार कोळसा-लाकडावरील स्वयंपाकाचा डक्ट दरमहा, मोठ्या उलाढालीच्या भटारखान्याचा दर तीन महिन्यांनी तपासावा लागतो. सफाई करणारा प्रशिक्षित, प्रमाणित आणि स्थानिक यंत्रणेला मान्य हवा. तिथे ‘इकेका’ ही सफाई व्यावसायिकांचीच संघटना प्रमाणपत्रे देते. न्यूयॉर्कचे अग्निशमन दल मात्र स्वतः परीक्षा घेते. ब्रिटनमधील ‘टीआर १९’ हे मानकही व्यावसायिकांच्या संघटनेचेच. थराची सरासरी जाडी २०० मायक्रॉनवर गेली की सफाई, असा त्याचा सर्वसाधारण दंडक आहे.

मग इथे कोणी?

ठेकेदारांच्या हाती निकष दिले तर महागडी यंत्रे सक्तीची होऊन दोन-चार माणसांच्या टोळ्या बाहेर फेकल्या जातील. हॉटेलचालकांच्या हाती दिले तर ते सैल होतील. त्यामुळे मानक भारतीय मानक ब्युरोने लिहावे, परीक्षा व परवाना महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाने द्यावा आणि अचानक तपासणी महापालिकेने करावी, ही विभागणी अधिक रास्त. दोघांचेही म्हणणे ऐकावे, पण थराचा आकडा त्यांनी ठरवू नये.

तोवर सोसायटीला हॉटेलकडे दोन गोष्टी मागता येतील : डक्टच्या आतील सफाईपूर्वीचे व नंतरचे फोटो, आणि जिथे हात पोहोचला नाही त्या भागांची लेखी नोंद.