विश्लेषण : प्रवासाची सवय बदलण्यासाठी सरकारने पैसा का खर्च करावा?

नवा पूल, रुंद रस्ता किंवा नव्या बसगाड्या यांसाठी अर्थसंकल्पात तरतूद झाली, तर कोणालाही नवल वाटत नाही. पण घरोघरी माणसे पाठवून ‘जवळच्या थांब्यावर बस किती वाजता येते, हे आपल्याला ठाऊक आहे का?’ असे विचारण्यासाठी सरकारी पैसा वापरायचा म्हटले, की उधळपट्टीचा आरोप होतो. इंग्लंडमधील तीन शहरांनी नेमके हेच केले आणि त्याचा हिशेबही ठेवला.

प्रयोग काय होता?

२००४ साली ब्रिटनच्या परिवहन खात्याने डार्लिंग्टन, पीटरबरो आणि वूस्टर या तीन मध्यम आकाराच्या शहरांची निवड केली. पाच वर्षांसाठी तिन्ही शहरांना मिळून एक कोटी पौंड देण्यात आले. स्थानिक निधी धरून एकूण खर्च सुमारे दीड कोटी पौंडांवर गेला. लोकांनी मोटार विकावी, अशी अपेक्षा नव्हती. आठवड्यातील काही फेऱ्या तरी पायी, सायकलने किंवा बसने कराव्यात, एवढाच हेतू होता.

पैसा कशावर खर्च झाला?

मुख्य भर व्यक्तिगत प्रवास-सल्ल्यावर होता. प्रशिक्षित सल्लागार घरी जाऊन कुटुंबाच्या रोजच्या फेऱ्या समजून घेत आणि त्यानुसार त्याच परिसराचे बस वेळापत्रक, पायवाटांचा व सायकल मार्गांचा नकाशा देत. ज्यांना रस नसे, त्यांचा पाठपुरावा केला जात नसे. याखेरीज शाळा आणि कार्यालये यांच्यासाठी स्वतंत्र प्रवास-आराखडे तयार झाले. या साऱ्यामागील विचार साधा होता. माणूस रोज सकाळी पर्यायांची तुलना करून वाहन निवडत नाही. हात सवयीने किल्लीकडे जातो. दारासमोरून बस जात असली तरी तिची वेळ माहीत नसेल, तर त्या माणसापुरती ती बस नसल्यासारखीच असते.

परिणाम काय दिसला?

२०१० साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार, या शहरांतील रहिवाशांच्या स्वतः मोटार चालवून केलेल्या दरडोई फेऱ्या सुमारे ९ टक्क्यांनी घटल्या. त्याच काळात तशाच आकाराच्या अन्य शहरांत ही घट जेमतेम एक टक्का होती. सायकलच्या फेऱ्या २६ ते ३० टक्क्यांनी, तर पायी फेऱ्या १० ते १३ टक्क्यांनी वाढल्या. केवळ वाहतूक कोंडी कमी झाल्याचा लाभ मोजला, तरी खर्चाच्या साडेचारपट परतावा मिळाल्याचा निष्कर्ष मूल्यमापनकर्त्यांनी काढला.

आक्षेप कोणते?

पहिला आक्षेप श्रेयाचा. लोकांनी मोटार कमी वापरली ती सल्ल्यामुळे, की इंधनाच्या दरामुळे आणि २००८ च्या मंदीमुळे? अन्य शहरांशी तुलना केल्याने ही शंका कमी होते, पूर्णतः मिटत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काहींनी मोटार घरी ठेवली, की रस्ता मोकळा होतो आणि मोकळा रस्ता नव्या मोटारींना बोलावतो. म्हणून सल्ल्याच्या जोडीला बससाठी राखीव मार्गिका, वाहनतळांवर नियंत्रण असे उपाय न केल्यास मिळालेला लाभ विरून जातो.

मग निधी का आटला?

या यशानंतर ब्रिटनने २०११ ते २०१५ या काळासाठी ५६ कोटी पौंडांचा शाश्वत स्थानिक प्रवास निधी जाहीर केला. त्यातील ३५ कोटी महसुली, तर २१ कोटी भांडवली खर्चासाठी होते. ही विभागणी महत्त्वाची आहे, कारण सल्लागारांचे वेतन, नकाशांची छपाई आणि शाळांतील उपक्रम हे सारे महसुली खर्चात मोडते. मात्र २०१७ ते २०२० या तीन वर्षांसाठी आलेला पुढील निधी अवघा सहा कोटी पौंडांचा होता. बांधलेला पूल अनुदान संपल्यावरही उभा राहतो, तर सल्लागाराची नोकरी अनुदानासोबत संपते. कपातीची वेळ आली, की कात्री प्रथम अशाच खर्चाला लागते.

आपल्याकडे काय?

वाहने नव्हे, तर माणसे हलवणे हे नियोजनाचे उद्दिष्ट असावे, असे भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने सांगितले. मात्र पैशाचा ओघ बांधकामाकडे राहिला. केंद्राकडून राज्यांना ५० वर्षांच्या मुदतीचे बिनव्याजी कर्ज मिळते, तेही भांडवली कामांसाठीच.

सवलतीचा मार्ग मात्र शेजारी राज्यांनी धरला. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली राज्यातील महिलांना सर्वसाधारण बसमध्ये विनामूल्य प्रवास मिळू लागला; बेळगावच्या महिलाही तिचा लाभ घेतात. पण तिकीट हा अनेक अडथळ्यांपैकी एक आहे. बस केव्हा येईल आणि परतीची मिळेल का, ही अनिश्चितता सवलतीने दूर होत नाही.

गोव्यात हा प्रश्न अधिक टोकदार आहे. सायंकाळनंतर गावांकडे जाणाऱ्या बसफेऱ्या विरळ होतात, म्हणून माणूस दुचाकी घेतो. प्रवासी घटले म्हणून फेरी आणखी कमी होते. या चक्रात मागे राहतात ते वाहन चालवू न शकणारे विद्यार्थी, वृद्ध आणि घरात एकच वाहन असलेल्या कुटुंबांतील स्त्रिया. भरवशाची बस नसताना बसने जा म्हणून सांगणे व्यर्थ आहे. पण ‘कदंब’च्या वा खासगी बसची वेळ थांब्यावर ठळक लिहिणे, शाळा-कार्यालयांच्या वेळांशी ती जुळवणे आणि ती घरोघरी पोहोचवणे यांसाठी पूल बांधावा लागत नाही. लागते ती अर्थसंकल्पात दरवर्षी टिकणारी छोटी तरतूद आणि तिचा परिणाम मोजण्याची तयारी.