उलटे फिरणारे इंजिन : ओळख, धोके व उपाय

नांदेड व लातूर जिल्ह्यांत ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉल्या ओढत असतात. कंधार, मुखेड, अहमदपूर या बालाघाटच्या पट्ट्यात रस्त्याला चढ-उतार बरेच आहेत. चढावर इंजिन बंद पडते, ब्रेक पुरत नाही आणि ट्रॅक्टर गिअरमध्येच मागे सरकतो. अशा वेळी बंद पडलेले इंजिन कधीकधी पुन्हा सुरू होते, पण उलट्या दिशेने. विहिरीवरील हँडलच्या डिझेल इंजिनातही असे घडते. हा प्रकार क्वचितच होतो, परंतु तो ओळखता न आल्यास इंजिन निकामी होते आणि माणसालाही इजा होऊ शकते.

असे का घडते?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा सुमारे १६ ते १८ पट दाबतो. त्यामुळे हवा अतिशय तापते व त्यात फवारलेले डिझेल पेट घेते. दट्ट्या कोणत्याही दिशेने आला तरी हवा दाबली जातेच. इंधन पंपही उलट फिरताना डिझेल फवारू शकतो. फवारणीची वेळ चुकते, म्हणून इंजिन जोर धरत नाही. तरीही ते चालू राहते. मात्र झडपांची कामे बदलतात. हवा धुराड्यातून आत ओढली जाते आणि धूर एअर क्लीनरमधून बाहेर पडतो.

हँडल मारताना चाकाला पुरेशी गती येण्यापूर्वीच डिकॉम्प्रेशन लिव्हर सोडला, तर दट्ट्या वर पोहोचण्याआधीच डिझेल पेटते व दट्ट्या मागे ढकलला जातो. हाच हँडलचा उलटा झटका होय. झटका जोरदार असेल तर इंजिन त्याच दिशेने चालू लागते.

जर्मनीत १९२१ मध्ये आलेल्या लान्झ बुलडॉग या ट्रॅक्टरच्या सुरुवातीच्या नमुन्याला मागे जाण्याचा गिअरच नव्हता. त्याचे दोन धावांचे इंजिन मुद्दाम उलटे फिरवून ट्रॅक्टर मागे घेत असत. ते इंजिन त्यासाठीच बनविलेले होते. आपले इंजिन तसे नाही.

कसे ओळखावे?

१) एअर क्लीनरमधून धूर येतो, धुराड्याच्या तोंडाशी हवा आत ओढली जाते.
२) ऑईलचा दाब दाखविणारा काटा शून्यावर राहतो किंवा ऑईलचा दिवा विझत नाही.
३) आवाज बदलतो, इंजिन जोर धरत नाही.
४) पुढच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर मागे जातो आणि मागच्या गिअरमध्ये पुढे जातो.

नुकसान कोणते?

ऑईल पंप गिअर पद्धतीचा असल्यास तो उलटा फिरताना बेअरिंगपर्यंत ऑईल पोहोचवीत नाही. कोरडे बेअरिंग थोड्याच वेळात तापून धरते. गरम धुरामुळे एअर क्लीनरमधील तेल बाहेर फेकले जाते. रबरी नळी जळते व आग लागण्याचाही धोका असतो. धुराड्यातील काजळी सिलिंडरमध्ये ओढली जाते. सर्वांत मोठा धोका हँडलचा. इंजिन सरळ सुरू झाले की हँडल आपोआप सुटते. उलट सुरू झाल्यास ते अडकून इंजिनाबरोबर गरगर फिरते. अशा हँडलला हात लावणे म्हणजे हात मोडून घेणे होय.

काय करावे?

ट्रॅक्टर असेल तर क्लच व ब्रेक दोन्ही दाबून स्टॉपर पूर्ण ओढावा. ट्रॅक्टर थांबताच हँडब्रेक लावावा आणि चाकांमागे दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. स्थिर इंजिन असेल तर हँडलपासून दूर राहून इंधन बंद करावे. धूर कोंडण्यासाठी एअर क्लीनरवर हात किंवा फडके ठेवू नये.

इंजिन थांबल्यावर लगेच सुरू करू नये. एअर क्लीनर स्वच्छ करून त्यातील तेल बदलावे, रबरी नळी व ऑईलची पातळी तपासावी. इंजिन बराच वेळ उलटे चालले असल्यास बेअरिंग मिस्त्रीकडून पाहून घ्यावेत.

टाळावे कसे?

चढ सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा, मध्ये गिअर बदलू नये. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल जोडूनच ट्रॅक्टर चालवावा. ट्रॉलीत क्षमतेपेक्षा जास्त ऊस भरू नये. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीत वळवू नये. म्हणजे झटका बसल्यास हँडल हातातून सुटते. चाकाला पूर्ण गती आल्यावरच लिव्हर सोडावा. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या नव्या इंजिनांत हा धोका फार कमी असतो. फवारणी यंत्र किंवा लाकूड कापण्याच्या करवतीचे दोन धावांचे पेट्रोल इंजिनही क्वचित उलटे सुरू होते. तसे झाल्यास करवतीची साखळी फिरते, पण कापत नाही; यंत्र त्वरित बंद करावे.

विजेच्या मोटारीबाबत

रोहित्र बदलल्यावर किंवा तार जोडल्यावर दोन फेज अदलाबदल झाल्यास तीन फेजची मोटार उलटी फिरते. पंप पाणी देतो, पण फार कमी. म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. रात्री ऑटो स्टार्टरवर सुटलेली मोटार अशी तासन् तास चालते, वीज जाते आणि पीक कोरडेच राहते. पाणी एकाएकी घटल्यास वायरमनकडून वीज बंद करवून कोणत्याही दोन तारा बदलून घ्याव्यात व पाणी पाहावे. ज्या जोडणीत पाणी जास्त येते ती दिशा बरोबर. कूपनलिकेतील पंप डोळ्यांना दिसत नाही, तेथे हीच खूण उपयोगी पडते.

थोडक्यात, नवीन जोडणीनंतर फिरण्याची दिशा यंत्रावरील बाणाशी ताडून पाहावी. आणि धूर भलत्या जागेतून निघाला, तर कारण शोधत न बसता आधी इंजिन बंद करावे.