जुना संगणक देण्याआधी

२०२५ ची दिवाळी आठवड्यावर आली असताना जगभरातले कोट्यवधी धडधाकट संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा थांबवला. नोंदणी करणाऱ्यांना सुरक्षेपुरती वर्षभराची मुदतवाढ मिळाली, इतकंच. विंडोज ११ वर जायचं तर टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग हवा आणि प्रोसेसरही साधारण २०१८ पासूनचा हवा. ज्यांच्याकडे हे नव्हतं, त्यांच्यापैकी अनेकांनी नवा लॅपटॉप घेतला. मग जुन्याचं करायचं काय?

बहुतेक घरांत उत्तर ठरलेलं असतं : ‘राहू दे, आपलं सगळं त्यात आहे.’ आधार आणि पॅनच्या प्रती, बँकेची विवरणपत्रं, फॉर्म १६, लग्नाचे फोटो आणि ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड. संगणक मग कपड्यात गुंडाळून माळ्यावर जातो. पाच वर्षांनी उतरवला की तो कुणाच्याच उपयोगाचा राहिलेला नसतो. या भीतीला आधार आहे, पण त्यावर इलाजही आहे. तो कळण्यासाठी संगणक माहिती ठेवतो कशी आणि पुसतो कशी, हे समजून घ्यायला हवं.

हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणाऱ्या चकत्या असतात. त्यांवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. चुंबकत्वाची दिशा कुठे बदलते आणि कुठे तशीच राहते, यावरून ० आणि १ वाचले जातात. कोणती फाइल चकतीवर नेमकी कुठे आहे याची नोंद एका वेगळ्या सूचीत असते. आपण फाइल डिलीट करतो आणि रिसायकल बिनही रिकामा करतो, तेव्हा बदलते ती ही सूची. ‘ही जागा आता मोकळी’ एवढंच तिथे लिहिलं जातं. दारावरची पाटी उतरवली, तरी बिऱ्हाड आतच असतं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनी माहिती जशीच्या तशी राहते. ‘क्विक फॉरमॅट’ही नवी कोरी सूची तयार करून थांबतं.

अशी माहिती परत मिळवायला गुप्तहेर लागत नाही. बहुतेक प्रकारच्या फाइलींच्या सुरुवातीला ठरावीक खूण असते. पुनर्प्राप्तीची सॉफ्टवेअरं सूचीकडे न पाहता सगळी डिस्क चाळतात आणि या खुणांवरून फोटो आणि कागदपत्रं शोधून काढतात. अशी काही सॉफ्टवेअरं फुकट मिळतात.

एमआयटीमधल्या सिम्सन गारफिंकेल आणि अभी शेलत या संशोधकांनी २००० ते २००२ या काळात बाजारातून १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. उरलेल्यांमधून क्रेडिट कार्डांचे ५,००० हून अधिक क्रमांक, वैद्यकीय माहिती आणि खासगी पत्रव्यवहार बाहेर आला. एक डिस्क तर एटीएम यंत्रातून आलेली दिसत होती. अनेक डिस्क मालकांनी फॉरमॅट करून विकल्या होत्या. म्हणजे त्यांनी काळजी घेतली होती, पण ती पुरेशी नव्हती.

मग पुसायचं कसं? हार्ड डिस्क असेल तर उपाय सोपा आहे : तिच्यावर सगळीकडे नवं काहीतरी लिहायचं. नुसती शून्यंही चालतात. ३५ वेळा लिहावं लागतं, असं अजूनही सांगितलं जातं. त्याचं मूळ पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या शोधनिबंधात आहे, पण तो तेव्हाच्या निरनिराळ्या पद्धतींच्या डिस्क डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला होता. आजच्या हार्ड डिस्कसाठी एक संपूर्ण फेरी सर्वसाधारणपणे पुरते, असं अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेची मार्गदर्शिका सांगते. विंडोजमध्ये ‘क्विक’ची खूण काढून केलेलं पूर्ण फॉरमॅट हेच काम करतं. सेकंदाला १५० एमबी या वेगाने १ टीबीची डिस्क दोन तासांच्या आत पुसून होते.

गेल्या काही वर्षांतल्या संगणकांत मात्र बहुधा चकती नसते, एसएसडी असते आणि तिचा कारभार वेगळा. इथे माहिती सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या इलेक्ट्रॉनच्या रूपात साठते. लिहिलेल्या कप्प्यावर थेट दुसरं लिहिता येत नाही, आधी तो रिकामा करावा लागतो. त्यात लिहिण्याचं काम लहान ‘पानां’मध्ये होतं, तर पुसण्याचं काम शेकडो पानांच्या मोठ्या ‘ब्लॉक’मध्ये. प्रत्येक पुसण्यागणिक कप्पे थोडे झिजतात. झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून आतला नियंत्रक नवी माहिती दुसऱ्याच जागी लिहितो आणि जुन्या जागेचं नंतर पाहू म्हणतो. शिवाय काही जागा तो स्वतःसाठी राखून ठेवतो. ती आपल्याला दिसतच नाही.

त्यामुळे एखादी फाइल ‘वरून लिहून’ पुसण्याची जुनी युक्ती इथे फसते. नवी अक्षरं एका ठिकाणी जातात आणि जुनी दुसरीकडे शाबूत राहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये हे चिप थेट वाचून दाखवलं. एसएसडीत सगळं पुसण्याची अंगभूत आज्ञा असते. ती नीट राबवली असेल तर उत्तम काम करते, पण काही उत्पादकांनी ती सदोष राबवल्याचंही त्यांना आढळलं.

यावरचा सर्वात भरवशाचा मार्ग म्हणजे माहिती पहिल्यापासूनच कूटबद्ध ठेवणं. विंडोजमध्ये बिटलॉकर आणि मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट ही सोय त्यासाठीच आहे. डिस्कवर जे लिहिलं जातं ते किल्लीशिवाय निरर्थक असतं. संगणक देताना ती किल्ली नष्ट केली की कप्प्यांत काय उरलं याला अर्थच राहत नाही. १२८ बिटांच्या किल्लीच्या शक्यता ३४ वर ३७ शून्यं इतक्या आहेत. सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या किल्ल्या लावून पाहणारं यंत्र असलं, तरी सगळ्या पालथ्या घालायला विश्वाच्या आजच्या वयाच्या शेकडो पट काळ लागेल.

घरच्या घरी करायचं ते असं. आधी हवं ते सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि काही फाइली नव्या संगणकावर उघडून खात्री करून घ्या. बिटलॉकर सुरू असलं तरी बाहेरच्या साध्या डिस्कवर नेलेल्या फाइली कूटबद्ध राहत नाहीत, त्यामुळे ही प्रत तुम्हीच सांभाळायची आहे. मग ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि ब्राउझर या सगळ्यांतून बाहेर पडा. मग विंडोजच्या सेटिंग्जमधून ‘रिसेट धिस पीसी’, त्यात ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये जाऊन ‘क्लीन डेटा’ चालू करा. हा शेवटचा पर्याय आपणहून निवडावा लागतो आणि नेमका तोच राहून जातो. नव्या मॅकमध्ये ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ हा एकच पर्याय किल्लीसकट सगळं साफ करतो. संगणक सुरूच होत नसेल तर डिस्क काढून स्वतःकडे ठेवा आणि बाकीचा भाग द्या.

एवढा खटाटोप कशासाठी? सुमारे वीस वर्षांपूर्वी संयुक्त राष्ट्रसंघ विद्यापीठाच्या एका अभ्यासात हिशेब मांडला गेला. मॉनिटरसह एक डेस्कटॉप बनवायला किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायनं आणि दीड टन पाणी खर्ची पडत होतं. आजची यंत्रं हलकी झाली आहेत. तरी लॅपटॉपच्या कर्ब उत्सर्जनाचा मोठा वाटा तो कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच झालेला असतो. तो लॅपटॉप आणखी चार वर्षं कुणाच्या हाती चालला तर तेवढी नवी निर्मिती टळते. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे फक्त २२.३ टक्क्यांची.

जुन्या संगणकात दम उरलेला असतो. तो रडतखडत चालतो त्याचं कारण बहुधा हार्ड डिस्क असते. तिला माहितीच्या जागी पोहोचायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, तर एसएसडीला त्याच्या शंभराव्या हिश्शाइतकाच वेळ पुरतो. एसएसडी बसवली, रॅम ८ जीबी केली आणि लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली टाकली, तर शाळकरी मुलाचा अभ्यास, टायपिंग आणि इंटरनेट आरामात होतं. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरीही बदला. ती संपली की तारीख मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत. लॅपटॉपची मुख्य बॅटरी फुगलेली असेल तर मात्र तो तसाच कुणाला देऊ नका, ती पेट घेऊ शकते. जे खरोखर मोडीत निघालं आहे ते भंगाराच्या हातगाडीवर न घालता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात जायला हवं. भंगारात तारा जाळून तांबं आणि आम्लात बुडवून सोनं काढलं जातं, तेव्हा विषारी धूर आणि सांडपाणी वस्तीच्या वाट्याला येतं.

शेवटी दोन शब्द घेणाऱ्यासाठी. वापरलेला संगणक हातात आला की त्यात आधी काय होतं हे पाहत बसू नका. देणारा कितीही जवळचा असला, तरी पहिलं काम म्हणजे डिस्क पूर्ण पुसून प्रणाली नव्याने टाकणं. त्यामुळे देणाऱ्याची माहिती सुरक्षित राहते आणि त्याच्या संगणकातले व्हायरस तुमच्याकडे येत नाहीत.