आज्ञा नको, विधान करा

शाळेत व्याकरणाच्या तासाला आपण सगळेच वाक्यांचे प्रकार शिकलो. 'दार उघड' हे आज्ञार्थी वाक्य आणि 'दार उघडे आहे' हे विधानार्थी. परीक्षा संपली आणि हा भेद आपण विसरूनही गेलो. संगणकाच्या जगात मात्र तो अजून नांदतो आहे. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकाच्या भाषांचे मला कुतूहल वाटले ते या व्याकरणामुळेच.

संगणकाच्या पुष्कळशा भाषा आज्ञार्थी असतात. ही संख्या घे, तीत एक मिळव, शंभर होईपर्यंत हेच करत राहा, अशी हुकमांची रांगच त्यांत लागलेली असते. दुसऱ्या प्रकारच्या भाषांना डिक्लरेटिव्ह म्हणतात. आपण विधानार्थी म्हणू. त्यांत काय हवे आहे किंवा काय खरे आहे, एवढेच सांगायचे. रिक्षात बसून 'इथून डावीकडे, मग सिग्नलला उजवीकडे' असे सांगत राहणे ही पहिली रीत. 'मला स्टेशनला जायचंय' ही दुसरी. रस्ता कोणता, ते रिक्षावाला बघतो.

हे काही प्रयोगशाळेतले खूळ नव्हे. हाउसिंग सोसायटीचा खजिनदार संगणकावर तक्ता मांडतो आणि एका चौकटीत लिहितो की, ही रक्कम म्हणजे वरच्या सगळ्या रकमांची बेरीज. हे विधान झाले. वरची एक रक्कम बदलली की बेरीज आपोआप बदलते. पुन्हा हुकूम सोडावा लागत नाही. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ साली 'व्हिसिकॅल्क' हा असा तक्ता बाजारात आणला. तेव्हापासून जगभरचे हिशेबनीस नकळत याच रीतीने संगणकाशी बोलत आले आहेत.

दुसरे उदाहरण याद्यांचे. पूर्वी मोठ्या यादीतून एखादे नाव शोधायचे तर माहिती कुठे ठेवली आहे आणि तिथवर कसे पोचायचे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पायरीपायरीने सांगावे लागे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली सुचवले की, माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि मागणाऱ्याने वाटेची चिंताच करू नये. त्यांच्या विचारावरून तिथल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये जी भाषा मांडली, ती आज एसक्यूएल म्हणून ओळखली जाते. 'सभासदांच्या यादीतून, ज्यांचे वय ६५ पेक्षा जास्त आहे त्यांची नावे, आडनावाच्या क्रमाने', एवढेच तिच्यात लिहायचे. जवळची वाट यंत्र शोधते. बँकेची खाती, ग्रंथालयाची सूची, दुकानाचा साठा, अशा असंख्य ठिकाणी हीच भाषा राबते आहे.

पण मंडळी, एक मेख आहे. माझ्या अम्मीला तिची जन्मतारीख कधीच ठाऊक नव्हती. 'मोठ्या पुराच्या साली', एवढेच ती सांगे. समजा, यादीत अशा बाईचा वयाचा रकाना रिकामा आहे. ६५ पेक्षा जास्त वयाच्यांची नावे मागितली तर ती येणार नाही. मग ६५ किंवा त्याहून कमी वयाच्यांची मागा. त्यातही ती येणार नाही! एसक्यूएलच्या हिशेबात उत्तरे तीन असतात: खरे, खोटे आणि अज्ञात. ज्यांच्याबाबत अट 'खरी' ठरते, तेवढ्याच ओळी हाती येतात. यंत्राचे काही चुकलेले नसते. 'रकाना रिकामा असेल तर त्या व्यक्तीचेही नाव दे', हे वाक्य कुणीतरी लिहायला हवे होते, ते लिहिले गेलेले नसते.

हाच प्रश्न कायद्यापर्यंत जातो. १९७२ च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेय शहरात अलँ कॉल्मरोअर आणि फिलिप रूसेल यांनी प्रोलॉग ही भाषा घडवली. तिच्यामागचा तर्कविचार बराचसा रॉबर्ट कोवाल्स्की यांचा. 'अ हा ब चा बाप असेल आणि ब हा क चा बाप किंवा आई असेल, तर अ हा क चा आजोबा', असे नियम तिच्यात लिहायचे. मग आजोबा कोण विचारा किंवा नातवंडे कोण विचारा, एकाच नियमातून दोन्ही उत्तरे निघतात. कोवाल्स्की, मारेक सर्गो आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधले त्यांचे सहकारी यांनी ब्रिटनच्या १९८१ च्या नागरिकत्व कायद्याचा मोठा भाग प्रोलॉगमध्ये उतरवला आणि १९८६ मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध केला. कायद्याची कलमे मुळातच 'असे असेल तर तसे' या घाटाची असल्यामुळे ती या भाषेत चांगली बसली.

आता प्रोलॉगचा एक स्वभाव असा की, जे सिद्ध करता येत नाही ते खोटे धरायचे. कागद नाही म्हणजे जन्मच नाही, असा हा कठोर न्याय वाटतो. पण त्याच कायद्यात टाकून दिलेल्या तान्ह्या बाळाविषयी एक तरतूद आहे. असे बाळ ब्रिटनमध्ये सापडले, तर त्याचा जन्म तिथलाच आणि त्याच्या आईबापांपैकी एक जण तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी होता असे मानायचे. उलट काही दाखवून दिले गेले तर गोष्ट वेगळी. इथे त्या बाळाला काहीच सिद्ध करायचे नाही. उलट काही सिद्ध झाले नाही, एवढ्यानेच ते नागरिक ठरते. ज्या स्वभावाने एखादा बेकागदी माणूस बाहेर राहतो, त्याच स्वभावाने या बाळाला आसरा मिळतो. फरक फक्त नियम कोणत्या बाजूने लिहिला याचा.

विधानार्थी भाषांनी आपल्याला 'कसे' या कटकटीतून सोडवले, ही मोठीच सोय झाली. पण त्यामुळे 'काय' सांगायचे याची सारी जबाबदारी सांगणाऱ्यावर आली. यादी संगणकाने काढली, असे कुणी म्हणाले तर तिथेच थांबू नये. नियम कुणी लिहिला आणि रिकाम्या रकान्याविषयी त्यात काय म्हटले आहे, हे विचारावे. त्यासाठी संगणक येण्याची गरज नाही. शाळेतले व्याकरण पुरे.