विकास शुल्क भरलंत, पण विकास कुठाय?

काशीमिऱ्याहून घोडबंदर रोडने ठाण्याकडे निघालात की वरसावे नाका मागे पडतो आणि चेणे येतं. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला राष्ट्रीय उद्यानाचं जंगल. वीकेंडला इथून गाडी पळवणाऱ्या अनेकांना हे गाव मीरा-भाईंदर महापालिकेत आहे, याचा पत्ताच नसतो. म्हणजे मीरा रोडला टॉवर उठला आणि बिल्डरने पालिकेत पैसे भरले, की त्यावर चेण्याच्या रस्त्याचा आणि पाण्याचाही हक्क असतो.

कुठले पैसे? तुम्ही फ्लॅट बुक करताना स्क्वेअर फुटाचा भाव विचारता, पार्किंग विचारता, ईएमआयचं गणित मांडता. पण त्या भावात मुरलेलं विकास शुल्क कुणी विचारत नाही. १९९२ मध्ये नगररचना कायद्यात ही तरतूद आली. हिशेब सोपा आहे. राहत्या इमारतीच्या बांधकामाला रेडी रेकनरमधल्या जमिनीच्या दराच्या २ टक्के. समजा दर चौरस मीटरला ५० हजार आणि तुमच्या वाट्याचं बांधकाम ६० चौरस मीटर, तर झाले ६० हजार. जमिनीवरचं शुल्क वेगळं. शिवाय मेट्रोसारखे प्रकल्प जिथे येतात, तिथे हे शुल्क वाढवायची सोयही सरकारने करून ठेवली आहे. चेक बिल्डर फाडतो, पैसे तुमचे!

आता खरी गंमत. हा कर नाही, शुल्क आहे. कराचे पैसे सगळ्या जमेत मिसळतात, शुल्काच्या बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. १९५४ मध्ये रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टाने विश्वस्त संस्थांकडून घेतली जाणारी वर्गणी शुल्क ठरवली, कारण ती वेगळ्या निधीत जात होती. विकास शुल्कालाही कायद्याने वेगळा विकास निधी नेमून दिलाय, तोही सार्वजनिक सुविधांसाठी.

पण ठरवतं कोण? मालमत्ता कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत महासभेने ठरवायचे, असं महापालिका कायदा सांगतो. निदान तिथे आरडाओरडा तरी होतो. विकास शुल्क मात्र रेडी रेकनरला बांधलेलं. राज्य सरकारने नवे दर लावले की ते आपोआप वाढतं, चर्चाबिर्चा काही नाही. त्यात ऑगस्ट २०२२ मध्ये मीरा-भाईंदरच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात बजेट मांडणारा प्रशासक आणि मंजूर करणाराही तोच.

मला जास्त टेन्शन वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. हा पैसा बांधकामाच्या तेजीवर येतो. चार वर्षं टॉवर उठले की तिजोरी फुगते, मंदी आली की आटते. त्या भरवशावर बाग बांधली, तर माळ्याचा पगार दर महिन्याला कुठून द्यायचा? चेण्यासारख्या भागात तर जंगलामुळे टॉवर फारसे उठणारच नाहीत. तिथल्या सुविधांचा पैसा शहराच्या दुसऱ्या टोकाहूनच यायला हवा, आणि तसा तो आला की नाही हे बजेटच्या पुस्तकात एका ओळीत दिसत नाही.

ते विचारता मात्र येतं. माहिती अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये, मजकूर १५० शब्दांत, उत्तराची मुदत ३० दिवस. विकास निधीत गेल्या वर्षी किती जमा झाले आणि कुठल्या प्रभागात, कुठल्या कामावर किती खर्चले, एवढं विचारायला १५० शब्दही लागत नाहीत.