आगाऊ कोणाला म्हणायचं?

सकाळची बोरिवली-चर्चगेट धीमी लोकल. कांदिवलीला बायकांच्या डब्यात चढलेली बाई बसलेलीला विचारते, "कुठे उतरणार?" "अंधेरी," उत्तर येतं. ती तिच्यासमोर उभी राहते आणि जागा ठरते. यात कुणालाच वावगं वाटत नाही. पण गाडी अजून जोगेश्वरीला असतानाच एखादी पोरगी म्हणाली, "काकू, उठा ना आता," की शेजारून हमखास ऐकू येतं, "आगाऊच आहे!"

जागा दोघींनीही आधीच धरली होती. मग एकटीच आगाऊ का?

उत्तर शब्दाच्या घडणीत आहे. संस्कृत 'अग्र' म्हणजे पुढचं टोक. त्यातून 'आगा' आला, पुढची बाजू, आणि त्यातून आगाऊ, म्हणजे वेळेआधीचं. दुकानदार आगाऊ रक्कम मागतो. लांब पल्ल्याच्या गाड्यांचं आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी मिळायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. हाच शब्द माणसाला लावला की वेळेच्या जागी पायरी येते: आपली पायरी सोडून पुढे सरकलेला. इंग्रजीतल्या 'प्रिझम्प्चुअस'च्या मुळाशीही लॅटिनमधलं 'आधीच घेणं' आहे.

म्हणून आगाऊ आणि उद्धट यांची गल्लत करू नये. उद्धटपणा आवाजात, नजरेत, तोडून बोलण्यात दिसतो. आगाऊपणा अगदी गोड आवाजातही करता येतो. ती पोरगी "काकू" म्हणाली, "उठा ना" म्हणाली, उद्धट मुळीच नव्हती. फक्त उठायची वेळ काकूंनी ठरवायची होती. शिवाय आगाऊ लाडानेही म्हणता येतं. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालणाऱ्या नातवाला "आगाऊ कार्टं" म्हणताना आजीला हसू आवरत नाही. उद्धट असं कौतुकाने कुणी म्हणत नाही.

शब्द सहसा वरून खाली जातो: थोरांकडून धाकट्यांकडे. साठीच्या माणसाला आपण खडूस म्हणू, तुसडा म्हणू, आगाऊ क्वचितच. इथेच मला तो खटकतो. मुलुंडच्या एका सोसायटीच्या वार्षिक सभेत एका तरुण सभासद मुलीने दुरुस्ती निधीचा हिशेब विचारला, तेव्हा मागच्या रांगेतून हाच शब्द आला. हिशेब मागणं सभासदाचा हक्क आहे. ती तिच्या पायरीवरच उभी होती.