शुद्ध न हरपता येणारे फेफरे

फेफरे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. भर रस्त्यात माणूस धाडकन कोसळला आहे, हातपाय झाडतो आहे, तोंडाला फेस आला आहे, भोवती गर्दी जमली आहे आणि त्या गर्दीतून कोणी कांदा, तर कोणी पायातली वहाण घेऊन पुढे सरसावतो आहे. हे चित्र खोटे नाही; पण ते अपुरे आहे. फेफऱ्याचा एक प्रकार असा आहे की त्यात माणूस पडत नाही, बेशुद्ध होत नाही, समोरच्याचे बोलणे त्याला ऐकू येते, आपल्या शरीरात काय चालले आहे ते तो स्वतः पाहत असतो आणि नंतर ते सांगूही शकतो. याच प्रकाराविषयी आम्ही येथे लिहिणार आहोत.

आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले. उरलेले कारखान्यांच्या दारांवर, सार्वजनिक वाचनालयात आणि दवाखान्यांच्या बाकांवर झाले. कामगारांची संघटना चालविणाऱ्याला पगारपत्रकाबरोबर माणसाच्या शरीराचेही थोडेफार वाचन करावे लागते. कारण कामगाराजवळ शरीराखेरीज दुसरे भांडवल नसते. म्हणून औषध सांगणे हे आमचे काम नव्हे, पण जाणत्यांनी जे सिद्ध करून ठेवले आहे ते सोप्या भाषेत लोकांपर्यंत नेणे हे मात्र आम्ही आमचे काम समजतो.

प्रथम नावाचाच घोटाळा पाहू. आपल्या वैद्यकाने या रोगाला 'अपस्मार' म्हटले. स्मृती जाणे हा त्या शब्दाचा गाभा. त्यामुळे ज्याची स्मृती जात नाही त्याला अपस्मार कसा म्हणावा, असा प्रश्न साहजिकच पडतो. पाश्चात्त्य वैद्यकालाही या प्रकाराचे नाव ठरविताना बरेच अडखळावे लागले. १९८१ साली अपस्मारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने त्याला 'साधा आंशिक झटका' म्हटले. २०१७ साली ते बदलून 'जाणीव असलेला स्थानिक झटका' असे केले, आणि २०२५ साली 'जाणीव' या शब्दाच्या जागी 'शुद्ध टिकून असलेला' असा अर्थ देणारा शब्द घेतला. नावे बदलली, तरी वस्तू तीच आहे : मेंदूच्या एका कोपऱ्यात उठलेले आणि त्या कोपऱ्यापुरतेच राहिलेले वादळ.

हे वादळ कसले? मेंदूतील अब्जावधी पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक इशाऱ्यांनी बोलत असतात. एरवी हे बोलणे शिस्तीत चालते. एक पेशी इशारा देते, दुसरी आवरते. कारखान्यात प्रत्येक यंत्र आपल्या वेळी चालावे तसा हा प्रकार आहे. पण कधी एखाद्या भागातील पुष्कळ पेशी एकदम, एकाच तालात आणि नको तितक्या जोराने इशारे सोडू लागतात. यालाच झटका म्हणतात. हा उद्रेक मेंदूच्या दोन्ही अर्धांत पसरला तर माणूस कोसळतो. तो एकाच जागी राहिला, तर त्या जागेकडे जे काम असेल तेवढेच बिघडते आणि बाकीचा मेंदू जागा राहून ते बघत बसतो.

ही गोष्ट प्रथम नीट उलगडून दाखविली ती लंडनच्या जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन (१८३५–१९११) या डॉक्टराने. काही रोग्यांचे झटके अंगठ्यापासून सुरू होतात, काहींचे ओठाच्या कोपऱ्यापासून, काहींचे पायाच्या अंगठ्यापासून, आणि मग ते ठराविक क्रमाने हातावरून खांद्याकडे किंवा पायावरून वर सरकतात, हे त्याच्या नजरेस आले. अंगावरचा हा क्रम म्हणजे मेंदूवरचाच क्रम असला पाहिजे, असे अनुमान त्याने केवळ निरीक्षणाच्या बळावर काढले. १८७० साली फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघा जर्मनांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून विशिष्ट जागी विशिष्ट अवयव हलतो असे दाखविले, तेव्हा त्या अनुमानाला पुरावा मिळाला. पुढे कॅनडात मॉन्ट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड या शस्त्रवैद्याने रोग्याला जागे ठेवून मेंदूचा नकाशाच काढला. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही, म्हणून हे शक्य झाले. त्या नकाशात हात, विशेषतः अंगठा, आणि तोंड यांना पाठीपोटापेक्षा कितीतरी अधिक जागा मिळाली आहे. ज्या अवयवांकडे कसबाचे काम, त्यांना मेंदूत मोठा इलाखा! म्हणूनच झटक्याची पहिली ठिणगी पुष्कळदा कसबी हातातच दिसते.

पण हात फडफडणे हा एकच प्रकार नव्हे. उद्रेक स्पर्शाच्या जागी झाला तर एका बाजूला मुंग्या येतात. दृष्टीच्या जागी झाला तर एका बाजूस रंगीत ठिपके किंवा वर्तुळे दिसतात. कानशिलामागच्या भागात झाला तर पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, नसलेला जळका वास येतो, कारणावाचून भीती दाटते, किंवा 'हे सारे पूर्वी असेच घडले होते' असे तीव्रतेने वाटून जाते. काहींना शब्द समजतात पण क्षणभर तोंडातून फुटत नाहीत. हे सारे बहुधा दोन मिनिटांच्या आत संपते. पुष्कळ लोक याला मोठ्या झटक्याची 'पूर्वसूचना' समजतात. वस्तुतः ती सूचना नसून तोच झटका आहे. तो पुढे पसरला तर मोठा होतो, न पसरला तर तेथेच विझतो.

येथे खरी अडचण उभी राहते. पडलेल्या माणसाचे फेफरे दहा जण पाहतात. पण शुद्धीवरच्या माणसाच्या फेफऱ्याला साक्षीदार एकच, तो स्वतः. आणि त्याच्या साक्षीवर कोणी विश्वास ठेवीत नाही. घरचे म्हणतात, जागरण झाले असेल. मुकादम म्हणतो, कामचुकारपणा आहे. शेजारीण म्हणते, बाहेरचे काही असेल. शेवटी तो माणूसही स्वतःवर विश्वास ठेवीनासा होतो आणि गप्प बसतो.

आमच्या भागातील एका कारखान्यात लेथवर काम करणारा एक गडी असाच कित्येक महिने गप्प बसला होता. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडू लागे, मग मनगट, मग ओठाचा कोपरा. मिनिटाभरात सारे शांत. एकदा तो आम्हाला म्हणाला, "भाऊ, बोट माझंच आहे हो, पण त्याच्यावर हुकूम माझा चालत नाही." एवढ्या मोजक्या शब्दांत या रोगाचे वर्णन आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचले नाही. "मग सांगितलं का नाहीस?" असे विचारले, तर उत्तर आले, "कंत्राटी माणूस मी. फिट येते म्हटलं तर उद्या दारात कोण उभं करील?" त्याच्या या प्रश्नाकडे आम्ही पुढे येऊ. तपासणीत त्याच्या मेंदूत एक लहानसा डाग निघाला, औषध सुरू झाले आणि त्याचा अंगठा पुन्हा त्याचा झाला.

तो डाग कसला, हेही सांगितले पाहिजे, कारण आपल्या देशात तो विरळा नाही. डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात जाणारा एक पट्टकृमी असतो. तो ज्याच्या पोटात आहे त्याच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेले हात, पाणी, कच्ची भाजी यांवाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. तेथून ती मेंदूत पोचली की गाठ धरते. म्हणजे ज्याने जन्मात मांस खाल्ले नाही त्यालाही हा रोग होतो. याखेरीज डोक्याला जुना मार, मेंदूतील रक्तवाहिनीचा विकार, गाठ, जन्मापासूनची एखादी खोड अशी कारणे असतात, आणि कित्येकदा कारण सापडतही नाही. रक्तातील साखर किंवा मीठ फार उतरणे, सतत पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटणे यांनीही झटका येतो. पण तो त्या तात्पुरत्या बिघाडाचा असतो.

मात्र प्रत्येक फडफड म्हणजे फेफरे नव्हे. थकल्यावर पापणी उडते, तिचे भय नको. धास्तीने छातीत धडधड होते, पण ती बराच वेळ टिकते. अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा हळूहळू, कित्येक मिनिटे पसरत जातात. झटक्याची खूण ही की तो अचानक येतो, थोडक्यात संपतो आणि बहुधा दर वेळी तसाच्या तसा येतो. एक इशारा मात्र विसरू नये : हात उडण्याऐवजी एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले किंवा वाचा गेली, तर तो पक्षाघात असू शकतो. तेथे विचार करीत न बसता तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि मोठे रुग्णालय गाठावे.

असे काही प्रथमच घडले तर काय करावे? तेव्हाच्या तेव्हा यंत्रापासून, भट्टीपासून, चुलीपासून, वाहनापासून दूर होऊन खाली बसावे आणि जवळच्या माणसाला सांगावे. जवळच्याने घड्याळ पाहावे, हात दाबून धरू नये, तोंडात काही घालू नये, कांदा-वहाण तर मुळीच नको. झटका पसरून माणूस पडलाच तर त्याला कुशीवर वळवावे, आणि पाच मिनिटांत तो थांबला नाही किंवा शुद्धीवर न येता पुन्हा आला, तर त्याला रुग्णालयात न्यावे.

आणि मग लिहून ठेवावे. किती वाजता, कोठून सुरुवात, कोणत्या बाजूस, किती वेळ, आदल्या रात्री झोप किती. टिपणाचे मोल काय असते याचा एक दाखला देतो. जॅक्सनकडे एक तरुण डॉक्टर रोगी म्हणून येत असे. आपल्याला येणाऱ्या स्वप्नवत अवस्थांची टिपणे त्याने स्वतःच ठेवली होती. १८८८ साली जॅक्सनने त्याचे नाव झाकून 'झेड' या अक्षराखाली ती हकीगत प्रसिद्ध केली. १८९४ मध्ये तो वारला, तेव्हा मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात, जॅक्सनच्या तर्काप्रमाणेच, एक लहानशी पोकळी सापडली. रोग्याने प्रामाणिकपणे लिहिलेल्या ओळींनी मेंदूतील जागा दाखवून दिली!

आजही डॉक्टरचे पहिले साधन ही हकीगतच असते. त्यानंतर ईईजी, म्हणजे जर्मनीतील हान्स बर्गर याने १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून प्रथम उतरवून घेतलेला विजेचा आलेख, आणि एमआरआय हे मेंदूचे चित्र. पण उद्रेक लहान जागेतला असेल तर ईईजीत तो पुष्कळदा दिसत नाही. आलेख कोरा आला म्हणून माणूस खोटा ठरत नाही, हे मालकांनी आणि नातेवाइकांनीही ध्यानात घ्यावे. एक झटका म्हणजे आयुष्यभराचा अपस्मार असेही नव्हे. विनाकारण आलेल्या पहिल्या झटक्यानंतर, औषध न घेता, दोन वर्षांत पुन्हा झटका येण्याचा संभव साधारण एकपंचमांशापासून निम्म्याहून थोड्या कमीपर्यंत असतो. औषध लगेच द्यावे की नाही हे त्यावरून डॉक्टर ठरवितात. उलट, मोठ्या 'पहिल्या' झटक्याने आलेल्या पुष्कळांना खोदून विचारले तर आधी लहान झटके येऊन गेल्याचे निघते. ते लहान होते आणि माणूस शुद्धीवर होता, एवढ्याचसाठी त्यांची दखल घेतली गेली नाही.

आता त्या लेथवाल्या गड्याचा प्रश्न. परांचीवर चढणारा, प्रेसवर बसणारा, गाडी हाकणारा माणूस झटके लपवून काम करील, तर त्याचा हात आणि दुसऱ्याचा जीव धोक्यात आहे. वाहनपरवान्यासाठी शारीरिक पात्रतेचे जे निवेदन द्यावे लागते त्यात फेफऱ्याचा प्रश्न विचारलेला असतो, तो उगाच नव्हे. पण खरे बोलणाऱ्याची भाकरी जाणार असेल तर खरे कोण बोलेल? म्हणून 'लपवू नका' हा उपदेश एकट्या कामगाराला करून भागत नाही. डॉक्टरचा निर्णय होईपर्यंत त्याला उंचीचे, उघड्या यंत्राचे आणि रात्रपाळीचे काम देऊ नये, बदली काम त्याच पगारावर द्यावे, एवढी मागणी संघटनेने केली पाहिजे. रात्रपाळीचा उल्लेख मुद्दाम केला. जागरणाने झटक्यांना आमंत्रण मिळते.

घराच्या बाबतीतही हेच. १९९९ सालापर्यंत हिंदू विवाह कायद्यात वारंवार फेफरे येणे ही लग्नाला आडकाठी होती. त्या साली ती काढून टाकण्यात आली. कायदा शहाणा झाला, आता सोयरीक जुळविणाऱ्यांनी शहाणे व्हावे. जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य निदान व उपचार मिळाले तर त्यांतील शेकडा सत्तरपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतील, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तात्पर्य इतकेच. शुद्धीवर असलेल्या माणसाने "माझा हात माझ्या ऐकण्यात नव्हता" असे सांगितले, तर त्याची थट्टा करू नये, त्याला देवऋष्याकडेही नेऊ नये. त्याला बसवावे, घड्याळ पाहावे, तो सांगेल ते कागदावर उतरवावे आणि तो कागद घेऊन त्याच्याबरोबर दवाखान्यात जावे. त्या झटक्याचा तोच एकटा साक्षीदार असतो. त्याला निर्भयपणे बोलता येईल अशी व्यवस्था करणे हे मात्र आपणा सर्वांच्या हातात आहे.